नाव खेळाडूचे, फरफट मुलांची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेकीकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलसला गेलो असताना तिथल्या प्राइम प्रेप अकॅडमी या बंद पडलेल्या शाळेची हकिकत ऐकली. जन्मभर पीटीचे तास घेतलेले, त्यामुळे ती डोक्यातून जाईना.

शाळेचा एक संस्थापक डिऑन सँडर्स हे तिकडचे मोठे प्रस्थ. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना सुपर बोल आणि बेसबॉलची अंतिम मालिका वर्ल्ड सिरीज, दोन्ही खेळलेला हा एकटाच. 'प्राइम टाइम' हे त्याचे टोपणनाव, शाळेच्या नावातही तेच डोकावते. २०१२ मध्ये डॅलस आणि फोर्टवर्थला ती सुरू झाली. ती चार्टर शाळा, म्हणजे फी नाही, पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा. आपल्या अनुदानित शाळेची चुलत बहीणच म्हणा.

बास्केटबॉलचा संघ गाजला. त्यातला इमॅन्युएल मुडिए २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत सातवा आला. पण त्याआधी कॉलेजला न जाता तो चीनमध्ये खेळायला गेला. घरच्यांसाठी, असे त्याने सांगितले. मात्र या शाळेचे शिक्षण कॉलेज क्रीडा संघटना मानेल का, ही शंका तेव्हा उघड बोलली जात होती. आमच्या शाळेत गणिताचे सर माझा तास पळवायचे आणि मी कुरकुरायचो. आता वाटते, बरे करायचे!

गरीब मुलांच्या जेवणासाठी येणाऱ्या केंद्राच्या पैशांचे कागद शाळेला नीट दाखवता आले नाहीत, म्हणून त्या योजनेतून तिला वगळले. खिचडीची नोंदवही ज्याने लिहिली आहे, त्याला यापुढचे सांगायला नको. संस्थापकांत भांडणे. सँडर्सला काढले, परत घेतले, पुन्हा काढले. २०१४ मध्ये राज्याने मान्यता रद्द करायची हालचाल सुरू केली आणि ३० जानेवारी २०१५ ला, ऐन वर्षाच्या मध्यात, पैसे संपले म्हणून शाळेला कुलूप लागले. सँडर्स पुढे कॉलेज फुटबॉलचा नामवंत प्रशिक्षक झाला. पण वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत शेवटच्या बाकावर बसलेल्या पोराचे काय होते, ते कुठल्याही वर्गशिक्षकाला विचारा.

एकट्या सँडर्सला बोल लावणे मला पटत नाही. २०११ मध्ये मान्यता देणाऱ्यांनी वह्या तपासायच्या होत्या, ते नावाला भुलले.

खेळाडूंचे फोटो लावलेल्या निवासी अकॅडमींच्या पानभर जाहिराती आपल्याकडेही छापून येतात. त्यात शाळेचा मान्यता क्रमांक आणि गणित-विज्ञानाचे शिक्षक किती, एवढे छापण्याची अट आपण घालू शकाल का?

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा