मी तीनला जागाच असतो

प्रिय अभि,

रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं झालीयेत. आई झोपलीये. मी स्वयंपाकघरात बसून एका बोटाने टाइप करतोय, त्यामुळे काना मात्रा चुकला तर समजून घे. शनिवारच्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय, बघू किती जमतंय.

आधी एक गंमत सांगतो. तू म्हणतोस ना "तुमचं ते हडझा पुराण", त्यातलंच आहे. टांझानियात इयासी तळ्याच्या काठी हे हडझा लोक अजून शिकार करून, कंद खणून, मध काढून जगतात, सगळे नाही, पण थोडे आहेत. तिथल्या एका वस्तीवर ३३ मोठ्या माणसांच्या मनगटाला घड्याळासारखं यंत्र बांधून २० दिवस त्यांची झोप मोजली. २०१७ साली ते छापून आलं. सगळ्या रात्री मिळून सगळेच्या सगळे एकाच वेळी गाढ झोपलेत असा वेळ भरला फक्त १८ मिनिटं. बाकी कधीही बघा, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक जागे नाहीतर अर्धवट झोपेत. कुणी ठरवून पहारा देत नाही. तरण्यांना उशिरा झोप येते, म्हाताऱ्यांना पहाटे जाग येते, कुणी कूस बदलतो, कुणी विस्तव सारखा करतो, की झाला पहारा. म्हणजे म्हातारपणी तीनला जाग येणं हा आजार नाही, ड्यूटी आहे! डॉक्टरने मला गोळी लिहून दिलीये ती मी घेत नाही हे आईला सांगू नकोस.

हे वाचलं आणि पहिला विचार आला तो तुझा. तुझ्या घरात तीन वाजता जागं कोण असतं? तूच नाहीतर केतकी. आणि सकाळी आठला दोघंही कामावर. बस, एवढंच म्हणायचं होतं, पुढचं लिहायचं नव्हतं.

पण लिहितोच. शनिवारी मी पिल्लूच्या खोलीत गेलो ते चुकलंच. बाळाला झोपवायच्या त्या ॲपवर, रडली तरी दहा मिनिटं जायचं नाही असं होतं आणि मी चौथ्या मिनिटाला तिला उचललं. तू रात्रभर बसून ते सगळं वाचून ठरवलं होतंस, केतकी दाराबाहेर कानावर हात ठेवून उभी होती, आणि मी मध्येच जाऊन हिरो झालो. तू म्हणालास इतकं आवडतं तर जंगलात जाऊन राहा. मी एक दिवस आधीच निघून आलो. तुला वाटलं असेल रागावलो. रागावलो नव्हतो रे, लाज वाटत होती, पण या वयाला ते तोंडाने सांगता येत नाही.

आणि जंगलाचं तुझं बरोबरच आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांचा अभ्यास झाला तेव्हा पाचातलं एक मूल वर्षाच्या आत जात होतं, हडझांचंही साधारण तसंच. पिल्लूला परवा लस दिली आणि रात्री ताप आला म्हणून तुम्ही घाबरलात. तिथे तेव्हा ती लसच नव्हती. शकूआत्याच्या पाठीवरचा जो होता त्याच्याबद्दल आजी मरेपर्यंत बोलली नाही, तुला माहितीये. काही भटक्या टोळ्या तर तळ हलवताना ज्याला चालवत नाही अशा म्हाताऱ्याला मागे सोडून जायच्या. तेव्हा शिकायचंच तर निवडून शिकायचं, नाहीतर पहिला नंबर माझाच लागायचा, गुडघा बघतोयस ना माझा.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. त्याच कुंग लोकांत तेव्हा बाळ रडलं की बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत कुणीतरी हजर असायचं. अरे मग आम्ही पण धावतो की, असं तू म्हणशील. पण कोण धावतं ते बघ. नुसती आईच असं नाही, जो जवळ असेल तो. काँगोच्या इतुरी जंगलात एफे म्हणून लोक आहेत, तिथे बाळ पहिल्या चार महिन्यांत सरासरी १४ जणांच्या हातात फिरतं. चौदा! तुमच्याकडे दोन आहेत, एक बाई धरून अडीच. मला वाटतं पिल्लूला रडू द्यायचं की नाही हा आपला वाद मुळात चुकीचाच होता. चौदा हात असतील तिथे कुणी ॲपला विचारत बसत नाही. दोनच माणसं असली आणि दोघंही थकलेली असली की मग ॲप लागतं. दोष तुमचा नाही. वेगळ्या पाळण्यात ठेवा हे डॉक्टर सांगतात तेही बरोबरच आहे, शेजारी घेऊन झोपण्यात गादी उशीचा धोका असतो, पण पहिले सहा महिने तरी पाळणा आपल्याच खोलीत असावा हेही तेच डॉक्टर सांगतात, आणि पिल्लू अजून पाच महिन्यांची पण नाही, आणि तुम्ही तिला त्या कडेच्या खोलीत...

झालं. परत लेक्चर. आई म्हणते तुम्ही पत्र लिहायला बसता आणि परिपत्रक काढता. सॉरी. खोडत नाही, असू दे.

खरं सांगू का, पिल्लूची मला तेवढी काळजी नाही. ती रडून मोकळी होते. काळजी वेगळीच आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी तुमच्या गॅलरीत उभा होतो. सव्वासातला तुझी गाडी खाली पार्किंगला लागली. दिवे बंद झाले. मी लिफ्टचा आवाज यायची वाट बघत बसलो. तू आलास सात चाळीसला. पंचवीस मिनिटं तू त्या गाडीत नुसता बसला होतास. मोबाईल बघत असशील म्हणून वाकून पाहिलं तर काचेत मोबाईलचा उजेडही नव्हता. अंधारात बसलेलास. आणि वर येऊन हसत पिल्लूला घेतलंस. मी काही विचारलं नाही.

मला ते ओळखू आलं कारण मी पण तेच करायचो. तू लहान असताना बसमधून उतरून मी स्टॉपच्या बाकावर बसून राहायचो, मागच्या दोन बस जाऊ द्यायचो, मग घरी. आईला सांगायचो बस उशिरा आली. तुला दम्याचा त्रास होता, रात्र रात्र मशीनची वाफ द्यायला लागायची, ती आई द्यायची. मी पाठ करून झोपायचो. झोप लागायची नाही, पण पाठ करूनच. एकदा तू दीडेक वर्षाचा असशील, वाफ घेताना माझी करंगळी धरलीस आणि मशीन बंद झालं तरी सोडली नाहीस. मला सकाळी लवकर जायचं होतं म्हणून मी ती हळूच सोडवून घेतली. इतकी वर्षं झाली, तुला आठवणार पण नाही. मला आठवतं.

म्हणून ते आका लोकांबद्दल वाचलं तेव्हा जरा बेचैन झालो. मध्य आफ्रिकेतल्या जंगलातले. बॅरी ह्यूलेट म्हणून एक माणूस त्यांच्यात राहून बापांना मोजत बसला, तर तिथला बाप दिवसातला ४७ टक्के वेळ बाळाला घेऊन तरी असतो नाहीतर हात पोचेल इतक्या अंतरावर तरी. बायको जाळी लावून शिकार करायला बरोबरीने जाते आणि तेव्हाही पोर दोघांमध्ये फिरत असतं. हसू नको, पण बाळ फारच रडलं तर बाप स्वतःची छाती तोंडात देतो. माझे किती टक्के भरतील? दोन? तू माझ्याहून शंभर पटीने चांगला बाप आहेस. हे मी तुला तिथे तोंडावर सांगायला हवं होतं, तर मी पाळण्यातलं पोर उचलून तुला शिकवायला गेलो.

कौतुकाचं आमच्याकडून नेहमी असंच होतं. कुंग लोकांची एक रीत आहे, कुणी मोठी शिकार आणली की सगळे नावं ठेवतात, हे काय हाडकं आणलीस, एवढ्यासाठी आम्हाला इतक्या लांब आणलंस? रिचर्ड ली नावाच्या अभ्यासकाने त्यांच्यासाठी चांगला धष्टपुष्ट बैल घेतला तर त्याचीही अशीच थट्टा केली, बिचारा कित्येक दिवस काळजीत. कारण काय तर तरुण पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये. मला वाचताना वाटलं हा तर मीच, गणितात अठ्ठ्याण्णव आणलेस तेव्हा मी विचारलं होतं दोन कुठे गेले. पण तिथे फरक असा की नावं ठेवून झाल्यावर सगळे जण ते मांस पोटभर खातात, हसतात, ज्याने आणलं त्याला पण कळतं की थट्टा होती. मी ती पुढची पायरी विसरलो. तुला थट्टा कळलीच नाही, आणि खरं तर ती पूर्ण थट्टा नव्हतीही.

असो, पहाट व्हायला आली. मुद्दा असा की हडझांच्यातली आजी दिवसभर कंद खणते आणि नातवंडांना घालते, म्हणून तिची मुलगी लवकर दुसऱ्या बाळाकडे बघू शकते. क्रिस्टन हॉक्स म्हणून बाईंचं तर म्हणणंच आहे की माणसाची बाई म्हातारपणीही इतकी वर्षं जगते ती याच कारणाने. आजोबांच्या उपयोगाबद्दल मात्र फारसं काही सापडलं नाही, शोधतोय. आईचं म्हणणं आहे की तिने महिनाभर तुमच्याकडे यावं. मी नाही आलो तरी चालेल. आलो तर उचलणार नाही, केतकीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, लिहून देतो. केतकीला नको असेल तर तसं सांग, आई वाईट वाटून घेणार नाही. घेईल, पण दोन दिवस.

आणि परत गाडीत बसावंसं वाटलं तर बस, पण फोन लाव. बोललं पाहिजे असं नाही. मी पण काही बोलणार नाही, प्रयत्न करीन. रात्री तीनला पण चालेल, फोन उशाशीच असतो, आवाज मोठा करून ठेवलाय त्यावरून आई रोज ओरडते.

रडते का अजून रात्रीची? नको सांगूस, तुमचं तुम्ही बघा.

सांग पण.

बाबा