गॅलरीतून दिसतं ते टीव्हीवर का दिसत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय विज्या,

पत्र मिळालं. वर्ल्ड कपला रजा काढून येतोयस हे तालमीत सांगितलं आणि पडदा कुठं बांधायचा यावरनं पोरांची आत्तापासनंच जुंपलीय. ब्राझीलवाले म्हणतात हॉलमध्ये, अर्जेंटिनावाले म्हणतात चौकात. तू येईपर्यंत भांडण मिटेल असं काही दिसत नाही.

तू विचारलंयस, मी हल्ली आवाज बंद करून मॅच बघतो ते का. ही चुगली तुझ्या वहिनीची, दुसरं कोण करणार! थोडक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहितो.

आपण शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसायचो तेव्हा चेंडूकडं किती बघत होतो आठव. आपला फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला की तू माझ्या कानात ओरडायचास, "मागं बघ, बॅक सगळे वर आलेत, आता गोल खातोय!" आणि दोन मिनिटांत खायचोच. तालीम पाटाकडील असो, दिलबहार असो नाहीतर शिवाजी, कोल्हापूरचा माणूस मॅच अशीच बघतो. चेंडू एकीकडं, नजर दुसरीकडं. २०१७ ला आपला अनिकेत जाधव भारताकडून सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हा मला हे पहिल्यांदा टोचलं. त्याची धाव बघायला अख्खी पेठ टीव्हीसमोर बसलेली, पण चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की अनिकेत गायब. तो कुणाला ओढून नेतोय, जागा कशी करतोय, काही कळायला मार्ग नाही. कॅमेरा चेंडूचा नोकर, आणि आपण कॅमेऱ्याचे.

तुला वाटत असेल, लंडनमध्ये बीबीसी दाखवते ती मॅच वेगळी आणि आम्हाला दिसते ती वेगळी. चित्र एकच असतं मर्दा. २००२ पासून वर्ल्ड कपचं चित्रण एचबीएस नावाची एक स्विस कंपनी करते. मैदानाबाहेर त्यांची गाडी, गाडीत भिंतभर पडदे, त्यासमोर दिग्दर्शक. २०२२ ला कतारमध्ये व्हीएआरवाल्यांपुढं, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाला मदत करणाऱ्यांपुढं, ४२ कॅमेऱ्यांची चित्रं होती, त्यातले काही तर एका लाथेची दहा मिनिटं करणारे. एवढ्यातनं कुठलं चित्र जगाला दाखवायचं ते गाडीतला तो माणूस ठरवतो. मोठ्या वाहिन्या आपले एकदोन कॅमेरे जास्तीचे लावतात, पण मुख्य चित्र तेच. तुझ्या देशाचा त्यात भाग काय, तर समालोचकाचा आवाज आणि स्टुडिओतली गप्पांची खोली. बाकी साऱ्या जगाला एकच डोळा.

तो डोळा चुकतो तेव्हा काय होतं ते आपण बघितलंय. २००६ ची बर्लिनची फायनल. फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं तेव्हा थेट चित्रात चेंडू भलतीकडंच होता. मातेराझ्झी आडवा, त्यांचा गोलकीपर बुफॉन हातवारे करतोय, आणि घराघरात एकच प्रश्न, झालं काय? मग रिप्ले आला आणि तुमच्या माडीवर सगळे एकदम गप्प झाले. झिदानची शेवटची मॅच, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा प्रसंग जगानं उशिरा बघितला. गॅलरीत असतो तर तू तो आधी बघितला असतास, पैजेवर सांगतो.

उलटा प्रकार २०२१ च्या युरोत. कोपनहेगनला डेन्मार्कचा एरिक्सन मैदानातच कोसळला. त्याच्या छातीवर दाब देताहेत, डेन्मार्कची पोरं त्याच्याभोवती पाठ करून भिंतीसारखी उभी राहिली, ती कशासाठी, तर कॅमेऱ्यापासून त्याला झाकायला! आणि कॅमेरा फटीतनं वाट शोधतोय, त्याच्या बायकोचा रडवेला चेहरा दाखवतोय. आईनं उठून टीव्हीच बंद केला. तुमच्या बीबीसीनं नंतर माफी मागितली, पण चित्र त्यांच्या हातात नव्हतंच, ते युएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं होतं. स्टुडिओत परत यायला वेळ लावला एवढा मात्र दोष त्यांचा. माझं विचारशील तर त्या दिवशी डेन्मार्कच्या खेळाडूंना जे कळलं ते दिग्दर्शकाला कळलं नाही, बास.

गॅलरीतल्या बायकांवर कॅमेरा रोखायची खोड तर विचारू नकोस. २०१८ ला फिफाच्याच एका अधिकाऱ्यानं सांगितलं होतं की हे कमी करा म्हणून वाहिन्यांना कळवलंय. कमी झालं थोडं. त्या जागी आता मोठमोठ्या पाहुण्यांचे चेहरे दाखवतात. कॉर्नर मारायला माणूस उभा आणि आपण कुणाचा तरी गॉगल बघतोय.

तरी सगळंच वाईट म्हणणार नाही. एक सुधारणा मला मनापासून पटलीय, ती म्हणजे ऑफसाइडचं ते थ्रीडी चित्र. कतारची पहिलीच मॅच, तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियानं गोल केला आणि तो रद्द. चौकात एकच कालवा. यजमानांच्या बाजूनं पंच फिरला इथपर्यंत पोरं गेली. मग ते चित्र आलं. त्यांच्याच एस्त्राडाचा पाय शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढं, स्वच्छ. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरच्या २९ जागा सेकंदाला ५० वेळा मोजतात, आणि चेंडूच्या पोटातला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा हालचाल टिपतो. पोर्तुगाल–उरुग्वेला रोनाल्डो म्हणत होता डोकं माझं लागलं, चेंडू म्हणाला नाही, गोल त्याच्याच संघातल्या ब्रुनोचा. शाहू स्टेडियमवर असलं काही असतं तर आपल्या निम्म्या मारामाऱ्या वाचल्या असत्या. अर्थात त्या वाचायला हव्या होत्या का, हा वेगळा प्रश्न.

आणि टीव्हीला दिसतं ते पंचाला दिसत नाही, ही पंचाईत किती जुनी. २७ जून २०१०, वर्ल्ड कपच्या एकाच दिवशी दोन. दुपारी इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या आत हातभर जाऊन आला, गोल नाही. रात्री अर्जेंटिनाच्या तेवेझचा ऑफसाइड गोल, आणि जोहान्सबर्गच्या मैदानातल्या मोठ्या पडद्यावर रिप्ले चालू. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडं बोट दाखवून ओरडताहेत, हजारो माणसं बघताहेत, पंचालाही बघून कळलेलं, पण नियमानं तो काही करू शकत नाही. फिफानं त्यावर काय केलं? मैदानात असले रिप्ले दाखवायचे नाहीत म्हणाले. वर्ल्ड कपला गोलरेषेचं तंत्र यायला २०१४ उजाडलं.

आता आवाजाकडं येतो, कारण तुझा प्रश्न तोच होता. २०२२ ला तुझ्याकडं बीबीसीच्या निवेदकानं, लिनेकरनं, पहिल्या दिवशी मैदानं बांधणाऱ्या मजुरांचं, माणसांच्या हक्कांचं बोलून सुरुवात केली आणि बीबीसीनं उद्घाटनाचा सोहळा मुख्य वाहिनीवर दाखवलाच नाही, हे तू फोनवर सांगितलंस. मला ते थोडं नाटकी वाटलं, पण निदान काहीतरी म्हणाले. आम्ही बघत होतो तिथं मी ऐकलं तेवढ्यात तरी एक शब्द नाही. आपल्याकडची एवढी माणसं त्या देशात राबायला गेलेली! आमच्या स्टुडिओत काय, तर ऑफसाइड म्हणजे काय हे परत एकदा पहिल्यापासनं. कोल्हापुरात, विज्या! तालमीतलं शेंबडं पोर सांगेल. बोलायला बसलेले माजी खेळाडू चांगले, जाणते. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत जाहिरात, आणि जाहिरातीनंतर प्रश्नच बदललेला. त्या वर्ल्ड कपला हिंदी, बंगाली, मल्याळम, तमिळ समालोचन होतं. मराठी नाही. आयपीएलला मिळतं, फुटबॉलला नाही. बहुतेक त्यांच्या हिशेबात महाराष्ट्र म्हणजे क्रिकेट, आणि कोल्हापूर म्हणजे चप्पल आणि मिसळ.

त्या फायनलची गंमत तुला सांगितलीच नाही. फुकट दिसतंय म्हणून पोरांनी प्रोजेक्टर मोबाइलला जोडला. पलीकडच्या गल्लीत डिश. टायब्रेकर सुरू, अर्जेंटिनाचा मोंतियेल चेंडू ठेवतोय, आमच्याकडं सगळे एकमेकांचे खांदे धरून, आणि पलीकडनं फटाक्याची माळ! आमचा मोंतियेल अजून दोन पावलं मागं सरतोय. अर्जेंटिनावाल्यांनी नाचावं की थांबावं ते कळेना. फ्रान्सच्या बाजूनं बसलेला एकजण उठून चप्पल घालून निघूनसुद्धा गेला, तेव्हा आमच्या पडद्यावर पळत येऊन किक बसली. यावेळी तार टाकून डिशच आणायची हे एकमतानं ठरलंय. तालमीत एकमत झालेला तेवढा एकच विषय.

आणि वेळ तरी आपली कुठं असते? १९८६ ला मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता खेळवायचे, का तर युरोपातल्या माणसाला संध्याकाळी निवांत दिसावं. अर्जेंटिनाच्या मॅराडोना आणि वाल्दानोनं उन्हाबद्दल तक्रार केली, ऐकतंय कोण. अण्णा सांगतात, इथं दूरदर्शनवर रात्री साडेअकराला सुरू व्हायचं. पेठेतले जुने अर्जेंटिनावाले त्या रात्रींचीच पैदास आहेत असं माझं मत. १९९४ च्या फायनललाही तेच, कॅलिफोर्नियाच्या दुपारी साडेबाराच्या उन्हात १२० मिनिटं आणि गोल शून्य.

यंदा ४८ संघ, १०४ सामने. प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटं पाणी प्यायची सुट्टी, ऊन असो नसो. पाणी खेळाडूंना, जाहिरात आपल्याला. फुटबॉलचं बरं होतं ते हेच की पंचेचाळीस मिनिटं कुणी मधे तोंड घालत नव्हतं. आता तेही गेलं. फायनल आपल्याकडं सोमवारी, २० जुलैला, रात्री साडेबाराला पडतेय. तुझी रजा तेव्हा संपलेली नसेल एवढं बघ.

मी काय ठरवलंय सांगतो. चित्र त्यांचं राहू दे, ते काही आपल्या हातात नाही. आवाज मात्र आपला. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगला माइकवर बोलणारे ते काका आहेत ना, ज्यांना खेळाडूच्या आजोबापासनं सगळं माहीत असतं, त्यांना गाठलंय. साउंडवाल्याचा माइक आणि एक स्पीकर, टीव्ही मुका. आधी म्हणाले, "मला ती फ्रान्सची नावं जमायची नाहीत रं." मी म्हटलं, नंबर सांगा, पेठ ओळखंल. तयार झालेत, पण एक अट घातलीय. त्यांच्या शेजारी बसून मागचे बॅक कुठं उभे आहेत ते सांगायला एक माणूस पाहिजे. टीव्हीवर दिसत नाहीत म्हटलं तर म्हणाले, "दिसत न्हाईत म्हणूनच अंदाज बांधणारा पाहिजे. तो ओरडणारा विज्या येणार हाय का?"

मी हो सांगून टाकलंय. तिकीट काढलंस की कळव, आणि घसा सांभाळून ये. काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
दिग्या