वही घेऊन बसणारे मास्तर

माजी सैनिकांच्या आठवणींवरचा तुमचा लेख वाचला, पटला, पण त्यात शिक्षकांचा उल्लेखच नाही हे खटकलं. अमेरिकेतल्या हडसन फॉल्सचे इतिहासाचे मास्तर मॅथ्यू रोझेल यांनी पोरांना सोबत घेऊन दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना बोलतं केलं आणि ते सगळं लिहून काढलं. २००१ मध्ये एका निवृत्त जजची, म्हणजे जुन्या टँक कमांडरची, मुलाखत चालली होती, तेव्हा त्यांच्या लेकीने आठवण करून दिली म्हणून युद्धातल्या एका ट्रेनचा विषय निघाला. १३ एप्रिल १९४५ ला जर्मनीत माग्डेबुर्गजवळ अमेरिकन सैनिकांनी सोडवलेले सुमारे २५०० ज्यू कैदी होते त्या ट्रेनमध्ये, आणि या एका मुलाखतीमुळे वाचलेले आणि वाचवणारे साठ वर्षांनी एकमेकांना भेटले! आपल्याकडे १९७१ चे जवान सत्तरी ओलांडून गेलेत, तेव्हा सातारा-कोल्हापूरच्या शाळांनी याच वर्षी हे काम हातात घ्यावं.

– एक वाचक, सातारा