३१ विजय आणि फंडाचं चलन

सोलापूर

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा पोचलं. आईने आधी तुझा फोटो काढून घेतला आणि तू वाळलीस असा निकाल दिला. मी स्कोअरकार्ड घेतलं. तुझ्या हाताने भरलेलं, पेन्सिलीने, डेट्रॉईटच्या कोमेरिका पार्कातल्या बेसबॉल सामन्याचं. पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, टॅरिक स्कूबल याने काढलेल्या बळींसमोर तू ओळीने इंग्रजी के मांडलेत, तीन स्ट्राइकवर बाद झाल्याची खूण, आणि त्यातले दोन उलटे. उलटा के म्हणजे फलंदाज बॅट न फिरवता नुसता बघत राहिला आणि बाद झाला, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून मी त्या माणसाला शोधतोय ज्याला हे सुचलं. बावीस वर्षं मिलच्या संघाचा स्कोअर लिहिला मी, पण त्रिफळा उडालेला गडी चेंडू सोडून गेला की खेळून, हे आमच्या वहीत कधी उमटलं नाही. ६-४-३ सुद्धा तसंच. चेंडू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ते तीन आकड्यांत कळतं. या लोकांना हिशेब आवडतो, यात शंका नाही.

आता फोटोबद्दल. तुझ्या ऑफिसातल्या त्या निवृत्तीला आलेल्या गृहस्थांनी ‘तुझे वडील स्कोअरर होते ना, मग त्यांना दे’ म्हणून डेट्रॉईटचा जुना पिचर डेनी मॅक्लेन याचा सही केलेला फोटो दिला. तू मागच्या पत्रात लिहिलंस, ‘बाबा, पाठवू का नको? माणूस काही बरा नाही म्हणतात.’ तुझा प्रश्न दोन ओळींचा होता. मी तीन आठवडे त्यात अडकलो. तू दिलेल्या टॅबवर रात्री उशिरापर्यंत वाचत बसतो म्हणून आई चिडली आहे.

१९६८ साली तो २४ वर्षांचा होता. ३१ सामने त्याच्या नावावर जिंकले, सहा हरले. ३३६ डाव टाकले, ४१ वेळा सुरुवात केली आणि त्यातले २८ सामने स्वतःच शेवटपर्यंत नेले. नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी १.९६. तुमच्या स्कूबलने २०२४ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, अख्ख्या मोसमात १९२ डाव टाकून. मी स्कूबलला कमी लेखत नाही, आता पाच-पाच पिचर आलटून पालटून टाकतात, खांदे जपतात, ते बरोबरच आहे. पण ३३६! त्याच्या आधी तीस विजय डिझी डीनने मिळवले होते, १९३४ मध्ये. त्याच्यानंतर आजवर कुणीच नाही.

तिसावा विजय कसा आला ते ऐक. १४ सप्टेंबर, ओकलंडविरुद्ध, टायगर स्टेडियम. स्वतः डिझी डीन बघायला आलेला. शेवटच्या डावात डेट्रॉईट ४-३ ने मागे. मॅक्लेनची फलंदाजीची पाळी आली तर त्याला बसवून त्याच्या जागी अल केलाइनला पाठवलं. मग दोन धावा निघाल्या, विली हॉर्टनच्या फटक्यावर सामना जिंकला, आणि विजय लागला मॅक्लेनच्या नावावर, जो तेव्हा बाकावर बसला होता. हा नियम मला अजून पचलेला नाही. पण नियम आहे, वहीत तसंच लिहायचं.

पाच दिवसांनी त्याने एक गंमत केली. न्यू यॉर्कचा नामांकित फलंदाज मिकी मँटल याचा तो शेवटचा मोसम. डेट्रॉईटने लीगचं विजेतेपद आधीच खिशात घातलं होतं, सामन्यातही मोठी आघाडी. मॅक्लेनने मँटलला खूण केली की तुला पाहिजे तसा सोपा चेंडू टाकतो, आणि टाकला. मँटलचा ५३५ वा होमरन. लोक उभे राहिले म्हणे. मला विचारशील तर मी पेन्सिल खाली ठेवली असती. असा चेंडू लिहायला चिन्ह कुठलं वापरायचं? पण वाचताना हसूही आलं, खोटं कशाला बोलू. उमद्या माणसाचीच ती खोडी.

तुझ्या त्या गृहस्थांना हा मोसम इतका का प्रिय, हेही थोडंफार कळलं. १९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईट पेटलं होतं, दंगलीत ४३ माणसं गेली. पुढच्याच वर्षी त्याच शहराने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. त्यात मॅक्लेन समोरच्या संघाचा पिचर बॉब गिब्सन याच्यापुढे दोनदा हरला, सहावा सामना मात्र १३-१ असा जिंकला. मालिका खरी ओढून नेली ती डेट्रॉईटच्याच मिकी लोलिचने, तीन सामने जिंकून. तरी फोटो मॅक्लेनचाच जपला गेला. तो ऑर्गन वाजवायचा, लास व्हेगासला कार्यक्रम करायचा, स्वतः विमान उडवायचा. त्या साली पिचर इतके भारी पडले की पुढच्या वर्षी माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणली. तरीही याने १९६९ मध्ये २४ जिंकले आणि माइक क्वेयारच्या बरोबरीने पुन्हा साय यंग घेतला. त्याच वर्षी ऑल स्टार सामन्याला सुरुवात करायची होती आणि हा पठ्ठ्या डेट्रॉईटमध्ये दाताच्या डॉक्टरकडे. वॉशिंग्टनला पोचेपर्यंत दुसऱ्याच पिचरने सुरुवात केलेली.

उतरण भराभर सांगतो. फेब्रुवारी १९७० मध्ये बाहेर आलं की १९६७ मध्ये फ्लिंटच्या एका सट्ट्याच्या धंद्यात त्याने पैसे घातले होते. बेसबॉलचा कमिशनर बोवी क्यून याने १ जुलैपर्यंत बंदी घातली. तो परतला त्या दिवशी मैदानावर पन्नास हजारांहून जास्त माणसं आली! ऑगस्टमध्ये त्याने दोन पत्रकारांच्या अंगावर बादलीने पाणी ओतलं, पुढे पिस्तूल बाळगल्याचं प्रकरण निघालं, मोसम संपला. खेळाडूंच्या अदलाबदलीत वॉशिंग्टनला गेला. तिथे मॅनेजर टेड विल्यम्सच्या हाताखाली १९७१ मध्ये १० जिंकले, २२ हरले. तीन वर्षांपूर्वी लीगमध्ये सगळ्यात जास्त विजय ज्याचे, त्याच माणसाचे आता सगळ्यात जास्त पराभव. खांद्यात कॉर्टिसोनची इंजेक्शनं घेऊन घेऊन हात गेलेला. १९७२ नंतर मोठ्या लीगमध्ये तो दिसला नाही. वय २८. एकूण १३१ विजय, ९१ पराभव.

बाप गेला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. ऑर्गन बापानेच शिकवलेला. मला याचं फार वाटलं, पण त्यावरून काही सिद्ध करायचं नाही मला. बाप लवकर गेलेली पोरं आपल्या गल्लीतच पाच दाखवतो, सगळी सरळ आहेत.

१९८५ मध्ये खंडणी आणि कोकेनच्या प्रकरणात त्याला २३ वर्षांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टाने ती १९८७ मध्ये रद्द केली, कारण खटलाच नीट चालवला गेला नव्हता. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि भोगलेल्या शिक्षेवर सुटला. १९९२ मध्ये त्याची मुलगी मोटार अपघातात गेली. ते वाचलं त्या रात्री टॅब बंद करून ठेवला. तुला रात्री अकराला फोन का आला होता, ते आता कळलं असेल.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूने होतो, मृण्मयी. खरंच. सट्टा, बादली, पिस्तूल, कोकेन, सगळं वाचूनही मनात म्हणत होतो की पाठव फोटो.

मग चेसनिंग आलं.

चेसनिंग म्हणजे तुमच्या मिशिगनमधलंच, फ्लिंटच्या पलीकडचं एक छोटं गाव. तिथे पीट पॅकिंग नावाची मांस पॅक करणारी जुनी कंपनी होती. १९९४ मध्ये मॅक्लेन आणि त्याच्या भागीदाराने ती विकत घेतली. घेतल्यावर थोड्याच दिवसांत कामगारांच्या पेन्शन फंडातले २५ ते ३० लाख डॉलर बाहेर काढले गेले. कंपनी दिवाळ्यात गेली. डिसेंबर १९९६ मध्ये तो दोषी ठरला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि २००३ पर्यंत तो आत होता.

फंड. हा शब्द वाचला आणि मी उठून पाणी प्यायलो.

तुला आपल्या मिलचा बंद झालेला भोंगा आठवत नसेल, तू दुसरीत होतीस. मी टाइम ऑफिसात होतो एवढं तुला माहीत आहे. पगारपत्रक माझ्याच हातचं असायचं. हजेरी, बेसिक, महागाई, मग कपात, त्यात फंड. दर महिन्याला प्रत्येकाच्या नावापुढे फंडाचा आकडा मीच निळ्या शाईने लिहायचो. पैसे कापले की बँकेत भरायचे आणि चलनाची प्रत फाइलला लावायची, हे काम वरच्या साहेबांचं. एका उन्हाळ्यात चलन आलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. कपात मात्र चालू. आठ महिने मी निळ्या शाईने आकडे लिहीत राहिलो आणि फाइल उघडली की रिकामी जागा दिसायची.

मी साहेबांना एकदाच विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘होईल हो. रविवारी पार्क मैदानावर येताय ना?’

हे साहेब आमचे कॅप्टन. डावखुरे फिरकी गोलंदाज. पार्क मैदानावर एका मिलच्या संघाला त्यांनी ४१ धावांत गुंडाळलं, सात गडी, तो डाव मी लिहिलाय. त्यांचा चेंडू हवेत थांबायचा. खरंच थांबायचा, मी साइटस्क्रीनच्या बाजूला बसून पाहिलाय. असा माणूस मजुराच्या फंडाला हात लावेल, हे मला पटेचना. पटेचना म्हणतो, पण फाइल तर समोर होती. मी रविवारी गेलो, पेन्सिली तासल्या, स्कोअर लिहिला.

मिल बंद पडल्यावर साळ खात्यातले एक गृहस्थ आपल्या दारात आले होते. तू अंगणात खेळत होतीस, त्यांनी तुला लिमलेटची गोळी दिली. त्यांनी मला पगाराची चिठ्ठी दाखवली, माझ्याच अक्षरातली. ‘इथं कापल्याचं लिहिलंय की ओ, मग पैसे गेले कुठं?’ मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी चहा घेतला नाही.

हे आईलाही आजवर सांगितलेलं नाही. आता सांगेन. तुला आधी लिहिलं, कारण तू विचारलंस.

तुझे ते गृहस्थ म्हणतात तसं ३१ विजय कुणी खोडू शकत नाही, ते मला मान्य आहे. खोडरबर घेऊन स्कोअर लिहिणारा स्कोअरर नव्हे. पण चेसनिंगमध्ये कुणीतरी बाई असेल, वीस-पंचवीस वर्षं थंड खोलीत मांस कापलेली, तिने १९६८ मध्ये रेडिओवर मॅक्लेनचे सामने ऐकलेले असतील. नवा मालक कोण म्हटल्यावर तिला आनंद झाला असेल. सही मागितली असेल. मला राहून राहून ते दिसतं. साध्या चोराला आम्ही टाइम ऑफिसातून हुसकून लावलं असतं. त्याला काही पार्क मैदानावर सात गडी बाद करता येत नव्हते.

म्हणून फोटो पाठव. भिंतीवर लावणार नाही. माझ्या जुन्या वहीत ४१ ला गुंडाळलेल्या डावाचं पान आहे, तिथे ठेवीन. त्या गृहस्थांना यातलं काही सांगू नकोस, बाबांना आवडला म्हण. त्यांचा मोसम त्यांच्यापाशी राहू दे.

फ्लिंटच्या बाजूला कधी जाणं झालं तर चेसनिंगला वाकडी वाट करून जा. पीटचा कारखाना होता तिथे आता काय आहे ते बघून कळव. फोटो काढला नाहीस तरी चालेल.

आईने शेंगा चटणीचे दोन डबे आणि कडक भाकरी बांधून ठेवल्यात, पुढच्या आठवड्यात कुरिअर करतो. आणि एक, तुझ्या कार्डावर सातव्या डावानंतरचे रकाने रिकामे आहेत. स्कूबलला काढल्यावर तू लिहायचं सोडून दिलंस वाटतं. असं करू नये. नंतर आलेल्या पिचरनीही चेंडू टाकलेच असतील. ते कुठून तरी मिळवून भर आणि मला पाठव.

तुझा,
बाबा