मधोमध मजकूर, तुझे बाबा आणि तो चिखोल्ड

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. फोनवर हे सगळं बोलता येत नाही, तू घाईत असतेस आणि मला मधेच गिऱ्हाईक येतं, म्हणून टाइप करून पाठवतोय, सावकाश वाच.

दिवाळीत तू दुकानात बसली होतीस, स्क्रीनवर लग्नपत्रिका होती, ती बघून म्हणालीस की बाबा सगळं सेंटर कशाला, हा आळशीपणा आहे. मी तेव्हा काही बोललो नाही पण दोन दिवस घुश्शात होतो, आईला विचार. तीस वर्षं पत्रिका करतोय, त्यातली पहिली काही हाताने शिशाचे खिळे (एकेक अक्षराचे ठसे) जुळवून, आणि पोरगी दुसऱ्या सेमिस्टरला आळशी म्हणते! मग तू गेल्यावर तुझं इथेच राहिलेलं जाडं पुस्तक उघडलं, म्हटलं बघू तरी काय शिकवतात. त्यात तो यान चिखोल्ड, छापायच्या अक्षरांची मांडणी करणारा जर्मन माणूस, भेटला (आई म्हणाली हे कसलं चिखलासारखं आडनाव) आणि मग मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसलो.

हा १९०२ साली जर्मनीत लाइपझिगला जन्मला. बाप बोर्ड रंगवणारा पेंटर आणि पोरगा त्याच्या हाताखाली. याला चित्रकार व्हायचं होतं, आईबापाला वाटलं त्यात पोट कसं भरणार, म्हणून मधला मार्ग काढला की ड्रॉइंग मास्तर हो. पण याचा जीव अक्षरातच, मग लाइपझिगच्या अकॅडमीत गेला, बोरूने अक्षरं काढायला शिकला आणि विशी उलटायच्या आत तिथेच संध्याकाळच्या वर्गात शिकवायलाही लागला. म्हणजे हाताला जुनं सगळं येत होतं, हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

१९२३ ला वायमारला बाउहाउस या नव्या वळणाच्या कलाशाळेचं प्रदर्शन बघितलं आणि पोरगं बिघडलंच. नावसुद्धा रशियन पद्धतीने इवान करून घेतलं, मग यान. १९२८ ला छापखान्यातल्या लोकांसाठी पुस्तक लिहिलं, 'नवी टायपोग्राफी', आणि त्यात तू जे मला म्हणालीस तेच लिहिलं ग! की मधोमध मांडणी म्हणजे आधी आकार ठरवायचा आणि मग त्यात मजकूर कोंबायचा, अर्थ काय आहे ते बघायचंच नाही. मजकुरात महत्त्वाचं काय ते शोधा, ते ठळक करा, डावीकडून सुरू करा, कोरी जागा वापरा, नक्षी काढून टाका, अक्षरं साधी बिनपायाची (टोकांना बारीक रेघोट्या नसलेली) घ्या. कागदाचे साइझ ठरलेले वापरा यावर तर पानंच्या पानं. आपण रोज रीम फोडतो तो ए-फोर जर्मनीत १९२२ लाच प्रमाण म्हणून ठरला होता, अर्धा कापला तरी लांबीरुंदीचं प्रमाण तेच राहतं, मला हे हाताला माहीत होतं पण असं का ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

खरं सांगू का, तुझं बोलणं झोंबलं कारण ते अर्धं खरं होतं. आम्ही सेंटर का करायचो? मास्तरांनी सांगितलं म्हणून. ओळ स्टिकमधे (खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत) जुळवायची, दोन्ही बाजूला सारखे क्वाड, म्हणजे कोरे खिळे, भरायचे, झालं. वधूचं नाव आणि 'आहेर आणू नये' दोन्ही त्याच थाटात. एक मात्र आहे, आमच्यासाठी कोरी जागा कधीच फुकट नव्हती, तिथेही शिसंच असायचं, हाताने ठेवावं लागायचं. तुमच्याकडे एंटर दाबलं की झालं, म्हणून तुम्ही लोक ती वाट्टेल तशी सांडता.

मग १९३३. नाझी आले, हा तेव्हा म्युनिकला छपाईच्या शाळेत मास्तर, ज्यांनी फ्युचुरा हा टाइप काढला ते पाउल रेनर तिथले मुख्य. चिखोल्डला आणि त्याच्या बायकोला, एडिथला, पकडून नेलं, घरात सोव्हिएत पोस्टर्स सापडली हा गुन्हा. नोकरी गेली. काही आठवड्यांनी सुटला आणि बायको, चार वर्षांचं पोर घेऊन स्वित्झर्लंडला बासेलला गेला. लोकांना हा भाग फार आवडतो पण मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण तिथे गेल्यावर हा हळूहळू परत सेंटरवर आला! पुस्तकाच्या शीर्षकपानावर मधोमध ओळी, जुन्या वळणाची पायवाली अक्षरं. १९४६ ला माक्स बिल नावाच्या स्विस डिझायनरने त्याला छापूनच झाडलं की हा फितूर झाला. यानेही छापून उत्तर दिलं, की माझ्या तरुणपणीच्या त्या हट्टात, 'हेच खरं, बाकी सगळं बंद' म्हणण्यात, मला आता नाझींसारखाच हुकमीपणा दिसतो. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाबद्दल असं लिहायचं म्हणजे बघ. मला हे जरा टोकाचं वाटतं, डावीकडून ओळी लावल्याने कोणी हुकूमशहा होत नाही, पण जो माणूस तुरुंगात बसून आला त्याला मी काय सांगणार.

पुढच्याच वर्षी लंडनला पेंग्विन या पुस्तकांच्या प्रकाशनाने बोलावलं. १९४७ ते ४९, तेवढ्यात पाचशेच्या वर पुस्तकं हाताखालून घातली, त्यांच्या चिन्हातला तो पेंग्विन पक्षीसुद्धा नव्याने काढला. वेगवेगळ्या छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, आपापल्या सवयीने जुळवायचे, म्हणून याने चार पानांचे नियम लिहिले. शब्दातलं अंतर कमीत कमी ठेवा, वाक्य संपलं म्हणून जास्तीची फट सोडू नका, असलं साधं साधं. कंपोझिटर ऐकेनात तेव्हा रबरी शिक्काच करून घेतला, की कॅपिटल अक्षरांमधलं अंतर डोळ्याला सारखं दिसेल असं ठेवा, आणि प्रूफावर ठप ठप मारायचा. मी त्या कंपोझिटरांच्या जागी असतो तर मनातल्या मनात शिव्याच घातल्या असत्या, पण शिक्क्याची आयडिया भारी आहे.

आता आपल्याला तो शिक्का जसाच्या तसा चालणार नाही. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते. तू मागे पाठवलेल्या पोस्टरमधे 'महोत्सव' चं म हो त्स व झालं होतं, तेव्हा बोललो नव्हतो, आता बोलतो. आपल्याकडे खेळ शब्दांमधल्या जागेत आणि दोन ओळींच्या मधे, वर वेलांटी रफार, खाली उकार, एकमेकांना धडकता कामा नयेत. इंग्रजीचं लीडिंग (ओळींमधलं अंतर) तसंच मराठीला लावलंस की उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन बसतो.

शेवटी शेवटी त्याने साबोन नावाचा टाइप काढला, १९६७ ला बाजारात आला. हाताने जुळवा, मोनोटाइपवर करा की लायनोटाइपवर (ही अक्षरं जुळवायची मशिनं), छापून सारखाच दिसला पाहिजे ही अट. लायनोटाइपवर साध्या आणि तिरप्या अक्षराची रुंदी एकच ठेवावी लागायची, तेवढं सांभाळूनही ते तिरपं अक्षर अवघडलेलं वाटत नाही. जो मशिनपुढे बसलाय त्यालाच कळेल हे किती कठीण आहे.

बरं, मुद्द्याचं. आत्याच्या प्रसादचं लग्न ठरलंय, पत्रिका आपल्याकडेच. ती तू कर. डावीकडून लाव, मी अडवणार नाही, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता चालत्या गाडीत वाचता आला पाहिजे एवढंच. फक्त 'श्री गणेश प्रसन्न' वर मधोमध राहू दे, आजी पहिलं तेच बघते. मजकूर व्हॉट्सॅपवर टाकतो, पीडीएफ पाठवताना फॉन्ट कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार करून) पाठव, मागच्या वेळी जोडाक्षरं फुटली होती आणि मला रात्री अकराला परत बसावं लागलं. आणि प्रूफ आधी मला, मग आत्याला.

जेवत जा वेळेवर.

तुझा
बाबा