सप्तक बदलतं सा ला, फुंक बदलते प ला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला बासरीवरचा लेख आवडला, बोटांचा तक्ताही कापून ठेवला. पण 'वरच्या सप्तकासाठी जोरात फुंकावे' या त्यातल्या वाक्याने नवशिक्याचे हाल होतील. माझे झाले आहेत.

साठी उलटल्यावर मी बासरी हातात घेतली. वरची तीन भोकं बंद केली की सा, दोन बंद की रे, एक बंद की ग. मग तेही अर्धं उघडलं की शुद्ध म. इथवर महिन्याभरात आलो. पुढचा प म्हणजे सहाही भोकं एकदम झाकायची. मी झाकायचो आणि वर चढण्याऐवजी धपकन मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर, आपटायचो. जोर लावला की किंकाळी. आतून विचारणा व्हायची, "कुकरची ही कितवी शिट्टी?"

गोम अशी की मंद्र प आणि मध्य (मधल्या सप्तकातला) प यांची बोटं एकच. फुंकेचा वेग वाढला की कंपनसंख्या दुप्पट होते आणि तोच सूर एक सप्तक वर जातो. हा वेग छातीच्या जोराने नव्हे, ओठांमधली फट बारीक करून आणायचा. हे कळल्यावर माझा प हळूच वाजू लागला. तरीही तो फाटला तर मी ओठांना दोष देण्याआधी उजवी अनामिका बघतो. सहावं भोक तिच्याकडे आहे आणि केसाएवढी फटही पुरते. म्हणून रियाजाला बसलो की आधी मंद्र प लांब धरतो. तो भरीव आला तरच पुढे.

आता तक्त्याबद्दल. त्यात तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, तिथपासून सुरांवर टिंब आहे, म्हणून मी समजत होतो की फुंकही तिथेच बदलायची. प्रत्यक्षात ती मध्य प पासूनच बदललेली असते; ध, नी, तार सा, रे, ग हे सगळे त्याच फुंकेचे. सूर लिहिण्याच्या लिपीतली सप्तकाची सीमा आणि बासरीतली फुंकेची सीमा वेगळी, हे मला सांगायला कुणी नव्हतं. (तार म च्या पुढे बोटंही बदलतात, पण तिथवर मी अजून पोचलेलो नाही.)

तक्ता पुन्हा छापलात तर मध्य प पासून पुढच्या सुरांखाली बदललेल्या फुंकेची खूण म्हणून अधिकचं (+) चिन्ह द्यावं, ही विनंती. माझ्या कात्रणावर मी ते लाल पेन्सिलीने केलं आहे.

आपला,
एक उशिराचा विद्यार्थी