स्टेशनवरचं घड्याळ

व्हिएन्ना, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

पार्सल मिळालं. मेतकूट शाबूत आहे. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल झालं होतं, पण तेल पिशवीतच राहिलं. तब्येत ठणठणीत. बाकी दिनक्रम तुम्हाला पाठ आहे, तो पुन्हा लिहीत नाही.

बाबा, "शंभर वर्षं झाली, सापेक्षता आणि क्वांटम अजून जुळत नाही म्हणजे तुम्ही करता तरी काय?" या प्रश्नावर मी फोनवर चिडले. आता नीट लिहिते.

आधी गैरसमज काढा. सापेक्षता, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, 1915 ची; क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणू-कणांचे नियम, 1925-26 ची; आणि दोन्ही आजवर एकाही प्रयोगात खोट्या पडलेल्या नाहीत. दादाच्या फोनमधल्या जीपीएसमध्ये दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. उपग्रहातली अणुघड्याळं चालतात क्वांटमवर, आणि ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात सापेक्षतेमुळे: उंचीमुळे 45 पुढे, वेगामुळे 7 मागे. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल. म्हणजे उभे ठाण्याला आणि फोन दाखवणार विक्रोळी.

घोडं अडतं काळापाशी. क्वांटममधला काळ स्टेशनवर टांगलेल्या घड्याळासारखा. लोकल येवो, न येवो, रुळांवर पाणी साचो, ते आपलं चालू. अनिश्चितता सगळी गाड्यांची. सापेक्षतेत असं बाहेर टांगलेलं घड्याळच नाही, वस्तुमानाजवळ काळ मंदावतो. आपल्या गच्चीवर, साधारण 20 मीटरवर, घड्याळ ठेवलं तर ते तळमजल्यावरच्यापेक्षा वर्षाला 70 नॅनोसेकंद पुढे जाईल. आता एखादा कण क्वांटम नियमाने एकाच वेळी इथेही आहे आणि तिथेही. काळ कुणीकडे मंदावला? दोन्हीकडे म्हणावं, तर "एकाच वेळी" हे ज्या घड्याळावर ठरवायचं तेच दुभंगलं. 1967 साली डिविट या भौतिकशास्त्रज्ञाने अख्ख्या विश्वाचं क्वांटम समीकरण छापलं, त्यात काळ नावाची राशीच नाही. विसरून राहिली असं नाही, गणितच तिला जागा देत नाही. ही गाठ अजून सुटलेली नाही आणि माझ्या मते खरी गाठ हीच.

दुसरी अडचण हिशेबाची. क्वांटमच्या हिशेबात उत्तरं अनंत येतात. विजेच्या गणितात असे अनंत आले, तर इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि विद्युतभार असे दोन मोजलेले आकडे घालून ते निस्तरता येतात. गुरुत्वाकर्षणात पायरीपायरीला नवा आकडा उधार मागावा लागतो. कमी ऊर्जेला ती उधारी नगण्य, पण 10 चा उणे 35 वा घात इतक्या मीटरांच्या अंतरावर दिवाळं निघतं. (आपल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी 1986 साली सापेक्षता नव्या चलांत मांडली ती हे दोन जुळवण्याच्याच वाटेवर. शेजारच्या काकांना हे जरूर सांगा.)

प्रयोग अवघड, पण अशक्य नाहीत. इथे 2021 साली मंगळसूत्राच्या मण्याएवढ्या, सुमारे 90 मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजलं, तेही रात्री, कारण दिवसा ट्रामची थरथर त्याहून मोठी. याच शहरात 2019 मध्ये 2000 अणूंचा रेणू एकदम दोन वाटांनी नेला होता. आकर्षण मोजता येईल इतकी जड वस्तू आणि दोन वाटांनी नेता येईल इतकी हलकी वस्तू, ही दोन टोकं जवळ आणायची, एवढंच काम. चुकार हवेचा एक रेणू धडकला किंवा किंचित विद्युतभार राहिला, की सगळं मुसळ केरात.

इथल्या एका सवयीचा मात्र मला अजून उलगडा नाही. अकरा ते दोनच्या मध्ये कुणीही समोर आलं की म्हणतं "मालत्साइट". अर्थ, जेवणाची वेळ. जेवायला निघालेला म्हणतो, जेवून आलेला म्हणतो, लिफ्टमध्ये म्हणतात, हात धुताना म्हणतात. उत्तरही तेच, "मालत्साइट". आपल्याकडे "जेवलीस का?" विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, "नाही" म्हटलं तर पान मांडलं जातं. इथे कुणी काही विचारतच नाही. पहिला महिनाभर मी प्रत्येकाला काय जेवले ते सांगत होते.

आई, मी बारीक झालेले नाही, कॅमेऱ्याचा कोन तसा होता. नोकरीचा करार अजून दोन वर्षं आहे, "पुढे काय" ते पुढे बघू. 1 लाख 20 हजार पाठवलेत, ते दातांसाठी आहेत, एफडीत घालू नकोस. रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही करण्याआधी कार्पेट एरिया आणि भाड्याची रक्कम लेखी घ्या, बिल्डरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मावशीने आणलेल्या स्थळाला माझी पत्रिका देऊ नका, निदान मला विचारल्याशिवाय. दादाच्या साखरपुड्याला डिसेंबरात नक्की येते, रजा मागितली आहे. गणपतीला यंदाही जमत नाही. तिकीट पाहिलं होतं, खरंच पाहिलं होतं.

आजीला माझ्या फोनसाठी जागं ठेवू नका. इथली घड्याळं साडेतीन तास मागे आहेत, ऑक्टोबर संपता संपता साडेचार होतील, तेव्हा मीच लवकर करत जाईन.

तुमची,
मनू